कानामागचा कापूस

आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो, नाहीतर सवयीप्रमाणे इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तेवढं राहून जाईल. संपाच्या वर्षी आमच्या गावमंडळाच्या खोलीत ठराव झाला, की दत्ताराम संप फोडून चोरून मिलमध्ये कामाला गेला. तो गेला नव्हता. ज्या सकाळी तो पहिल्या पाळीला आत गेला असं सगळ्यांनी धरलं, त्या सकाळी तो माझ्याबरोबर होता. गिरगावात, एका गादीवाल्याच्या पोटमाळ्यावर. आमचं काय होतं ते मी फार उकलून सांगणार नाही. नवराबायकोत जे असतं आणि ज्याबद्दल कुणी विचारत नाही, तेच होतं. फक्त आमच्याबाबतीत तो गुन्हा होता. मी तेव्हा बोललो नाही. नंतरही नाही. दत्ताराम गेला, त्याला आता महिना उलटून गेला.

फोन फिलूचा आला. फिलू म्हणजे फिलोमिना. खोताच्या वाडीतल्या तिच्या आईच्या लाकडी घरात, मागच्या खोलीत दत्ताराम अर्धं आयुष्य भाड्याने राहिला. मी बाजारात होतो, हातात मेथीची जुडी. फिलूने आधी विचारलं, "घरात नाय ना तुम्ही? बाहेर आहात ना?" मी हो म्हटलं, तेव्हा म्हणाली, "दत्तू गेला. झोपेतच. मला बजावून ठेवलेलं त्याने, घरच्या फोनवर करायचा नाय, मोबाईलवरच करायचा, आणि आधी विचारायचं." मी काय केलं असेल? मागे वळून पाहिलं, कुणी ओळखीचं ऐकत तर नाही ना... मग मेथी परत ठेवली. ज्या माणसासाठी आयुष्यभर मान वळवून बघत आलो, तो गेल्याचं कळल्यावरही मान आधी वळली.

त्याच्या पंधरवडाभर आधी त्याला भेटलो होतो, परळच्या हॉस्पिटलात. घशाचं ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. नर्सने लिहायला पाटी दिली होती ती त्याने माझ्यासमोर बाजूला सारली. आम्हाला तिची गरज नव्हती. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, काम केलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. शेकडो साचे एकदम खडखडत असताना कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळं बोलणं ओठांनी आणि हातांनी. शिव्या, चेष्टा, देखरेखीवरचा जॉबर येतोय, चहा आलाय, सगळं. मला ही भाषा दत्तारामनेच शिकवली. मी गावाहून येऊन बदली कामगार म्हणून लागलो तेव्हा एकवीसचा होतो, तो माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठा. हॉस्पिटलातल्या त्या खाटेवर त्याचे ओठ हलले, "घराक सांगान इलंस?" मी हो म्हटलं. घरी बँकेत जातो असं सांगून आलो होतो. त्यालाही ते कळलं असणार, कारण त्याने डोळे मिटून मान हलवली. अविश्वासाने नव्हे... समजुतीने. मला अविश्वास परवडला असता.

आमच्या गावमंडळाची खोली डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. विजयदुर्ग खाडीच्या वरच्या अंगाच्या आमच्या गावातले बिनबायकांचे किंवा बायका गावी ठेवलेले सगळे पुरुष तिथे राहत. तीन पाळ्यांत माणसं वाटलेली, त्यामुळे एवढ्याशा खोलीत कुणी ना कुणी झोपलेलं असायचंच. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. खुंटी म्हणजे तुमचं नाव. गावचा माणूस पहिल्यांदा आला की कुणाच्या तरी खुंटीवर दुसरा सदरा म्हणून टांगला जायचा, मग वर्षा-दोन वर्षांनी कुणी गावी परतला की त्याला स्वतःची मिळायची. मी दत्तारामच्या खुंटीवर टांगत होतो. खिडकीपासून तिसरी. खोलीवर हुकूम तात्यांचा. तात्या जुने विणकर, बोलायचे कमी, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही अशी ख्याती होती. मी त्यांच्यासमोर दत्तारामच्या शेजारी बसायचंही टाळायचो.

संप लांबला तशी खोलीतली माणसं एकमेकांना हुंगायला लागली. भोंगा बंद असूनही कोण पहाटे उठतो, कुणाच्या पायात नवी चप्पल आली, कोण खानावळीत न मागता जास्तीचं वाढून घेतो. काही गिरण्यांत थोडी थोडी माणसं पोलिसांच्या बंदोबस्तात आत जाऊ लागली होती, आणि जाणारा आपल्यातलाच कुणीतरी असणार, एवढंच प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. पोटासाठी जो तो काहीतरी करत होता. मी दहावी झालेला, म्हणून गिरगावात एका गादीवाल्याकडे हिशेब लिहायला लागलो. खोलीत सगळ्यांना ते माहीत होतं. दत्तारामने सांगितलं होतं की तो दादरला भाजीचे ट्रक उतरवायला जातो. तसा तो जायचाही, पण रोज नाही. गादीवाला सकाळी उधारी वसूल करायला बाहेर पडायचा आणि दुपारपर्यंत दुकान माझ्यावर असायचं. वर पोटमाळ्यावर पिंजलेल्या कापसाचा ढीग छताला टेकलेला. दत्ताराम मागच्या गल्लीतून यायचा.

त्याने भाजीचं खोटं का सांगितलं, असं कुणी विचारेल. ते माझ्यामुळे. आम्ही दोघं एका ठिकाणी आहोत हे कुणाला कळताच कामा नये, हा माझा नियम होता. तो हसायचा. "गादियेच्या दुकानात दोन बापये बसले तर लोक काय म्हणतले? गादी घेवक इले म्हणतले." पण मला वाटायचं, आमच्या चालण्यावरून, गप्प बसण्यावरून सुद्धा लोकांना वास येतो. त्यामुळे तो निघायच्या आधी मी त्याला जिन्याच्या पायरीवर बसवायचो आणि त्याच्या केसांतला, मानेवरचा, कानांमागचा कापूस एकेक करून वेचायचो. दाट कुरळे केस होते त्याचे, त्यात कापूस अडकायचा. तो मुद्दाम मान इकडून तिकडे करायचा. मी चिडायचो. आज वाटतं, आमच्यातलं सगळ्यात जवळचं जे काही होतं ते ते वेचणंच.

त्या दिवशी गादीवाला लवकर परत आला. खाली कुलपाचा आवाज झाला आणि मी दत्तारामला मागच्या दाराने अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. वेचायचं राहिलं. स्वतःचं डोकं मात्र ओल्या फडक्याने पुसून मी गल्ल्यावर बसलो.

पहिली पाळी सुटायच्या वेळेला दत्ताराम खोलीत शिरला, डोक्यावर कापूस घेऊन. गिरणगावातल्या माणसाला डोक्यावर कापूस दिसला की एकच गोष्ट सुचते. वीसेक माणसं होती तिथे, सगळ्यांची उमर मिलमध्ये गेलेली, खोकला सुद्धा मिलचा. कापूस आणखी कुठे असू शकतो हे त्यांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. गाद्या-उशा रोज डोक्याखाली असूनही नाही आलं. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा सभाच भरली होती. मंडळाचे सेक्रेटरी उभे होते, दत्ताराम मध्ये बसला होता, आणि सेक्रेटरींनी एक माणूस दादरला पाठवून खातरजमा करून घेतली होती की आज हा तिथे नव्हता.

"भाजी उतरवतंस ना रे?" सेक्रेटरी म्हणाले. "मगे डोक्यार कापूस खंयसून इलो? फ्लॉवर उतरवलंस काय?"

माणसं हसली. उपाशी माणसांचं हसणं फार वाईट असतं. दत्ताराम म्हणाला, "मिलात नाय गेलंय." "मगे खंय हुतंस?" तो गप्प. पुन्हा तेच विचारलं, पुन्हा गप्प.

इथे मला क्रम नीट सांगितला पाहिजे. कारण इतकी वर्षं मी स्वतःला तो उलटा सांगत आलो. मी स्वतःला सांगायचो, की दत्तारामने मला ओठांनी गप्प राहायला सांगितलं, म्हणून मी गप्प राहिलो. सांगितलं हे खरं. पण त्याआधी त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वाट बघत होता. आणि वाक्य किती साधं होतं... "तो माझ्याकडे होता, दुकानावर, कापूस तिथला." एवढंच. दुसऱ्या कुणाही मित्राने विचार न करता म्हटलं असतं, आणि ऐकणाऱ्यांनी मान डोलावून विषय संपवला असता. पण माझ्या मनात चोर होता. मला वाटलं, या एका वाक्यात सगळं ऐकू जाईल, पोटमाळा, जिना, माझी बोटं. मी मान खाली घातली. पुन्हा वर केली तेव्हा त्याचे ओठ हलले, "गप रव." खोली विणकरांनी भरलेली, म्हणून त्याने तोंड, मी उभा होतो त्या खिडकीकडे वळवून म्हटलं. मी गप राहिलो. ते काही त्याचं ऐकून नव्हे. त्याने फक्त माझ्या घाबरण्याला परवानगी दिली.

त्याची ट्रंक बाहेर ठेवली गेली. दुसऱ्या सदऱ्याला आता खुंटी मोकळी झाली होती. ती मला मिळाली. मी तिच्यावर सदरा टांगत राहिलो.

ठराव गावापर्यंत गेला. शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी घरोघर नेतात, प्रत्येक अंगणात नाचवतात. त्या वर्षी ती दत्तारामच्या आईच्या दारात थांबली नाही. म्हातारी ओवाळायचं ताट घेऊन उभी होती म्हणतात. तिचा नवरा याच मिलमध्ये खपलेला. पुढच्या वर्षीही नाही थांबली. नंतर संप विसरला गेला, गिरण्या बंद पडल्या, ठराव करणारे सेक्रेटरीही गेले. ठराव कुणी मागे घेतला नाही आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही, पण पालखी वरच्या वाटेने जायची ती पायांना सवयच लागून गेली.

मला सरकारी कचेरीत नोकरी लागली, पुढे अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं, लग्न झालं. दत्ताराम त्याच गादीवाल्याकडे राहिला, पिंजायला शिकला, शिवायला शिकला. गंमत पाहा, ज्या दुकानाचं नाव मी घेतलं नाही तिथेच त्याने आयुष्य काढलं. आणि मी, ज्याचं सगळं वाचलं होतं, तो त्याच्यावर संशय घेत राहिलो. हा कधीतरी बोलेल. हा दारू पिऊन बोलेल. एकदा तर असंही मनात आणून पाहिलं, की त्या दिवशी माझ्याकडे असेल, पण बाकीच्या दिवशी खरंच गेला असेल तर? तसं निघालं असतं तर किती बरं झालं असतं... इतका मी खाली गेलो होतो.

लग्नानंतर महिन्याभरात तो क्वार्टरवर आला. खांद्यावर गादी, स्वतः शिवलेली. "आहेर," म्हणाला, चहा घेतला, माझ्या पत्नीला वहिनी म्हणून हाक मारली आणि निघून गेला. मला वाटलं, यात काहीतरी ठेवलं असणार. पत्नी माहेरी गेली त्या दिवशी मी गादीची एका कोपऱ्याची शिवण उसवली आणि खांद्यापर्यंत हात घालून आत चाचपलं. कापूस होता. चांगल्यापैकी, खडा नसलेला कापूस. मला शिवता येत नव्हतं. कोपरा वेडावाकडा जोडला.

त्याने स्वतःच्या आईला सांगितलं, ते मला फिलूच्या ओटीवर बसून सांगितलं होतं. मे महिन्यात गावी गेला होता, आई कोकमं फोडत होती. हा म्हणाला, "आये, माका लगीन करूचा नाय. माझा मन बापयांकडे जाता." तिने हातातलं कोकम फोडलं. मग म्हणाली, "ता तुझा तू बघ. पण माका एक सांग. तू त्या मिलात गेल्लंस?"

"नाय, आये."

"मगे खंय हुतंस?"

"ता माझ्या एकट्याचा नाय. म्हणान सांगणंय नाय."

तिने बोटं पदराला पुसली. "त्या माणसाची आये जिती आसा?"

"आसा."

"तिच्या दारात पालखी थांबता?"

"थांबता."

मग तिने कोकमांची पाटी पुन्हा पुढे ओढली, असं दत्तारामने सांगितलं. मी विचारलं, "नाव विचारलं नाही?" तो म्हणाला, "विचारूक कित्याक होया? गावात घरां किती..." त्या पावसाळ्यानंतर म्हातारी गेली. माझी आई तिच्या दहाव्याला जाऊन आली होती.

पुढच्या काळात त्याला त्याच्यासारखी माणसं भेटली. फिलूच्या मागच्या खोलीत तरुण पोरं यायची, कुणाला घरून हाकललेलं, कुणाचं लग्न ठरवलेलं. हा त्यांना चहा करून द्यायचा आणि गादी पसरून द्यायचा. एका वर्षी मी त्याला त्यांच्या मोर्चात पाहिलं. ढोल-ताशे, रंगीत झेंडे, आणि त्या गोंधळात पन्नाशीचा हा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, शाळेच्या सहलीत गुरुजी चालतात तसा कडेकडेने चाललेला. मी समोरच्या फुटपाथवर होतो. मुद्दाम आलो होतो, पण कुणी विचारलं असतं तर म्हणणार होतो की चष्म्याच्या दुकानात आलोय. त्याने मला पाहिलं. एवढ्या ढोलांत त्याचे ओठ हलले, "जेवलंस?" आजूबाजूच्या हजार माणसांत ते एकट्या मला वाचता आलं. मी मान हलवली आणि चष्म्याच्या दुकानात शिरलो.

कोर्टाने ते कलम आमच्यावरून उठवलं त्या दिवशी त्याने मला कचेरीत फोन केला. "सुध्या, आता गुन्हो नाय रवलो म्हणतत."

"ऐकलंय," मी म्हणालो. बाजूला क्लार्क बसला होता.

"मगे एक कर. मंडळाच्या सभेत जा. तुझा तू काय एक सांगू नको. नुसता म्हण, त्या दिवशी दत्तो माझ्या दुकानार हुतो. मिलात नव्हतो. माझा नाव एकदा तुझ्या तोंडातून येवांदे."

"बघूया," मी म्हणालो.

"बघ, बघ," तो हसला. "इतकी वर्षां बघतंस, म्हणान दृष्टी चांगली रवली तुझी."

त्यानंतर त्याचा घसा दुखायला लागला.

चंदनवाडीच्या स्मशानात फिलू होती, तिच्या खोलीवर येणारी ती पोरं होती, आणि एका खुर्चीवर, काठी गुडघ्यांत धरून, तात्या बसले होते. ऐंशी ओलांडलेले, डिलाईल रोडवरून टॅक्सी करून आलेले. त्यांना पाहून मी सगळ्यांत मागे उभा राहिलो. दर्शन घ्यायची वेळ आली तेव्हा पुढे गेलो. दत्तारामच्या नाकात, कानांत कापसाचे बोळे होते, प्रेताला घालतात तसे, आणि एका कानाचा कापूस सुटून मागच्या पांढऱ्या कुरळ्या केसांत अडकला होता. माझा हात वेचायला वर गेला. अर्ध्यावर लक्षात आलं, आणि तो मी खिशात घातला.

तात्यांनी ते पाहिलं. बाहेर पडताना त्यांनी मला काठीने थांबवलं. "त्या दिवशी तुझ्या कानामागे पण हुतो," ते म्हणाले. "थोडोसो. डोक्या पुसलंस, कानामागे इसारलंस."

माझा हात कानामागे गेला. ते त्याच आवाजात पुढे म्हणाले, "आणि तो खिडकीकडे बघान काय बोललो, ता काचेत दिसला माका. तेव्हा बोललंय असतंय तर दोघंय गेले असते. म्हटलंय, एक तरी रवांदे." मग म्हणाले, "तू पुढे बोलशील असा वाटलेला. वाट बघितलंय मी."

म्हणजे ज्या माणसाच्या नजरेला मी आयुष्यभर भ्यायलो, त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि काहीही झालं नव्हतं. खोली कोसळली नव्हती. माझं आयुष्य तात्यांच्या गप्प राहण्यावर उभं होतं आणि दत्तारामचं माझ्या. तात्यांनी एकाला राखायला तोंड मिटलं. मी कुणाला राखलं?

हा लेख छापायला देण्याआधी पत्नीला वाचून दाखवला. तिचं नाव इथे नाही, कारण तिने घालू नका म्हणून सांगितलं. ऐकून झाल्यावर ती उठून खिडकीत जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "गादीचा कोपरा मी पहिल्याच महिन्यात पाहिला होता. वाटलं, कुण्या बाईचं काहीतरी लपवलंय. मीही उसवून बघितला." तिलाही कापूसच मिळाला होता. तिने माझ्या वेड्यावाकड्या टाक्यांसारखेच टाके परत घातले, त्यामुळे मला कधी कळलं नाही. एका गादीवर दोघं इतकी वर्षं आपापला संशय घेऊन झोपत आलो. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. तो तिचा हक्क आहे. पण "द्या छापायला," एवढं तिनेच म्हटलं.

गेल्या रविवारी मी डिलाईल रोडच्या खोलीवर जाऊन आलो. चाळ पाडणार आहेत म्हणतात, पण अजून उभी आहे. खोलीत आता पाचसहा माणसं असतात, मिलच्या जागी झालेल्या इमारतींत काम करणारी. ट्रंका गेल्या, खुंट्या आहेत. खिडकीपासून तिसऱ्या खुंटीवर कुणाच्या तरी मोबाईलच्या चार्जरची वायर लटकत होती. मी ती काढली नाही. नुसता खुंटीवर हात ठेवला. खालून झिजलेली आहे. दत्ताराम सदरा काढताना ओढून काढायचा, सावकाश उचलून नाही.

मंडळाची वार्षिक सभा माघी गणपतीनंतर त्याच खोलीत असते. तात्या येणार आहेत. दत्तारामच्या आईच्या दारात आता पालखी थांबली तरी ओवाळायला कुणी नाही. ते देणं माझ्याकडून फिटणार नाही. पण एक उरलं आहे. हे सगळं मी लिहिलं, आणि लिहिणं म्हणजे पुन्हा आवाज न करता ओठ हलवण्यासारखंच झालं. त्या सभेत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मला एवढंच म्हणायचं आहे: दत्ताराम त्या दिवशी मिलमध्ये गेला नव्हता, तो माझ्याबरोबर होता. ते मी अजून म्हटलेलं नाही. तेवढं देणं आहे.